नुसता धीर पुरत नाही
आजारी जोडीदाराची काळजी घेताना धीर धरावा, असं एका लेखात वाचलं. पटलं, पण आजार समजला की मगच धीर येतो. माझ्या यजमानांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, भाव उमटत नाहीत आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस रागावलाय. हे कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर घरातले कितीतरी रुसवेफुगवे टळले असते!

लेव्होडोपा या त्यावरच्या औषधाची गोळी आम्ही जेवणाआधी अर्धा तास देतो, कारण जेवणातल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. वेळ चुकली की शर्टाचं बटणही लागत नाही. दारात पाय जमिनीला खिळतात, तेव्हा हात धरून ओढायचं नाही, तोल जातो. आम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल बरोबर उचललं जातं. बटणं मात्र त्यांची त्यांनाच लावू देते, निघायला उशीर झाला तरी चालेल.

आणि भेटायला येणाऱ्यांना कळकळीची विनंती, त्यांची तब्येत मला विचारू नका, त्यांनाच विचारा. आवाज बारीक झालाय, उत्तर यायला वेळ लागतो, पण थांबलात तर ते सगळं सांगतात.