झेरॉक्समधली उत्तरं

आज डोकं फिरलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

भाची मुलाखत देऊन आली. आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत असिस्टंट प्रॉडक्शन मॅनेजरची जागा. पर्समध्ये कुठल्याशा क्लासची झेरॉक्स: मॅनेजरच्या मुलाखतीचे हमखास प्रश्न, खाली तयार उत्तरं. 'तुमची कमकुवत बाजू?' तर म्हणे, 'मी फार परफेक्शनिस्ट आहे.' अहो, समोर बसलेल्या माणसाने हे सकाळपासून कितीदा ऐकलं असेल!

मुलाखतीत तिला विचारलं, 'अडचणीत निर्णय कसा घेतलात?' तिने झेरॉक्समधली सॉफ्टवेअर प्रोजेक्टची डेडलाइन सांगितली. पुढचा प्रश्न आला, 'टीममध्ये माणसं किती होती?' झालं. गप्प.

आणि हीच पोरगी मे 2021 मध्ये, तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीला झोडपून गेल्यावर, फॅक्टरीत सुपरवायझर होती! लाइट गेलेली, कोविडमुळे निम्म्या बायका नाहीत, मालकाचा फोन लागेना आणि पिकलेल्या आंब्याचे क्रेट छपरापर्यंत. हिने एकेक फळ दाबून बघायला लावलं. मऊ पडलेलं आधी रसाला, कडक मागे. जनरेटरवर फक्त रसाची लाइन, बाकी सगळं बंद. लांबच्या बायकांना अंधाराच्या आत टेम्पोने घरी सोडलं. मॅनेजर आणखी वेगळं काय करतो?

क्लासवाले अगदीच चुकीचं शिकवत नाहीत, मान्य. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, ही त्यांची 'स्टार' पद्धत बोलायला बरी आहे. पण त्यात घालायची गोष्ट तुमची हवी ना!

मॅनेजरच्या मुलाखतीत तुम्ही स्वतः किती राबलात याला फारशी किंमत नसते. माणसांकडून काम कसं करून घेतलंत, दोघांचं भांडण कसं मिटवलंत, साहेबाचं पटलं नाही तेव्हा काय बोललात, हे खोदून खोदून विचारतात. क्रेटची गोष्ट तिने सांगितली असती तर दहा उपप्रश्नांना पुरली असती.

रागाने बोललो तिला. तर हळूच म्हणते, 'मामा, ते काय सांगायचं? ते तर कोणीही केलं असतं.'

यावर काय बोलणार? आपल्या पोरांना 'मी केलं' म्हणायचा संकोच वाटतो. सगळं 'आम्ही'. पगाराची अपेक्षा विचारली तरी 'तुम्ही द्याल ते'. अरे, त्या जागेला बाजारात काय मिळतं ते आधी चार जणांना विचारा आणि आकडा सांगा, मान वर करून.

रत्नागिरीत कुणाची मुलं तयारी करत असतील तर रविवारी सकाळी आमच्या पडवीत पाठवा. मी प्रश्न विचारीन. भाचीही असेल, तिला परवा दुसऱ्या फॅक्टरीचा फोन आलाय.