समिती नेमताय? मग आधी हे वाचा

तर दुर्घटना झालीय, लोक चिडलेत आणि खुर्चीवर नेमके तुम्ही आहात. घाबरू नका. पहिल्या तासात "कुणाचीही गय केली जाणार नाही" म्हणायचं, दुसऱ्या तासात समिती. तिला मुदत तीन महिन्यांची द्या आणि मुदतवाढीचं पत्र आत्ताच टाईप करून ठेवा, नंतर धावपळ नको.

विषयातला माणूस एखादाच घ्या, तोही शांत स्वभावाचा. कार्यकक्षा लिहिताना मात्र डुलकी लागू देऊ नका, सगळा खेळ तिथंच आहे. आग कशी लागली हे कार्यकक्षेत, परवानगी कोणी दिली हे कार्यकक्षेबाहेर.

नमुना बघायचा असेल तर लंडन बघा. 2009 मध्ये लॅकनल हाऊस नावाच्या इमारतीत आग लागली, 6 जण गेले. 2013 ला कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सरकारला लेखी कळवलं की अग्निसुरक्षेच्या नियमांची मार्गदर्शिका भयंकर किचकट आहे, ती समजेल अशी लिहा. सरकार म्हणालं हो हो, आढावा घेतो. मग घेतो, घेतोय, घेऊच की असं करत करत 2017 चा जून आला आणि लंडनमधलीच ग्रेनफेल टॉवर ही रहिवासी इमारत पेटली. 72 माणसं. त्याच्या चौकशीचा शेवटचा अहवाल यायला 2024 चा सप्टेंबर उजाडला, जवळपास 1700 पानं, आणि त्यात काय तर हे सगळे मृत्यू टाळता आले असते. (इथं मला काही उपरोधिक सुचत नाही, पुढे चला.)

आता रिसर्च. हा प्रकार डेंजर, कारण त्यातून कधीकधी उत्तर निघतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी 1972-73 मध्ये वर्षभर 15 बीटवर प्रयोग केला, काही ठिकाणी नेहमीची गस्त बंदच, काही ठिकाणी दुप्पट-तिप्पट, बाकी होतं तसं. गुन्ह्यांत सांगण्यासारखा फरक नाही, आणि गस्त कमी झालीय की वाढलीय हे लोकांच्या लक्षातही आलं नाही! म्हणून काय तुम्ही गाड्या फिरवणं सोडणार? दिवे फोटोत किती छान येतात. बिघडलेल्या पोरांना तुरुंग दाखवून दम भरायची अमेरिकन योजना पण तशीच, चाचण्या घेतल्या तर नेलेली पोरंच न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली, तरी योजना कित्येक वर्षं चालू, कारण ऐकायला कशी कडक वाटते. आणि सीसीटीव्हीबद्दलचे अभ्यास म्हणतात की सगळ्यात जास्त उपयोग गाड्यांच्या पार्किंगमध्ये होतो. ते पान वाचूच नका. पार्किंगमध्ये फीत कापताना बघायला कोण येणार?

एवढं करूनही अहवाल आलाच तर तो "तत्त्वतः" स्वीकारा. काय शब्द आहे राव, स्वीकारलं पण आणि काही केलं पण नाही. मग शिफारशींचा अभ्यास करायला उपसमिती, उपसमितीचा तक्ता, तक्त्यात शेवटचा रकाना, त्यात वरपासून खालपर्यंत "कार्यवाही सुरू". मध्येच तुमची बदली होते, नवीन माणूस विचारतो हे काय, तुम्ही सांगता फाईलमध्ये आहे सगळं.

आणि हो, अहवाल ठेवायचं कपाट तेवढं फायरप्रूफ घ्या.