तोंडी सांगा हो, लेखी कशाला?

वसतिगृहाचे रेक्टर म्हणून नव्याने रुजू झालात? अभिनंदन. प्राचार्य झाला असाल तर दुप्पट अभिनंदन. रॅगिंगची भानगड आज ना उद्या तुमच्या दारात येणारच. गेल्या आठवड्यात बहिणीबरोबर, तिच्या मुलाच्या रॅगिंगची तक्रार घेऊन, कोकणातल्या एका कॉलेजात जाऊन जे शिकून आलो, ते फुकटात देतो.

रॅगिंग म्हणू नका, 'इंट्रो' म्हणा.

पोरगं गुहागरकडल्या वाडीतलं आणि बुजरं असेल तर 'घर सुटलं की होतं असं' एवढं पुरतं.

रात्री दोनला उठवून, मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, असं तासभर उभं केलं? 'शिमग्यात नाही का चालत मस्करी?' असं विचारा. (शिमग्यात बोंब मारायची मुभा असते, हे सांगू नका.)

खरी मेख कागदात आहे. राज्याचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा वाचा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाची लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची. टाळाटाळ केली तर प्रमुखानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो, आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच: २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड. मग कागदच येऊ देऊ नका ना! आवक-जावकचा क्लार्क जेवायला गेलेला असावा. तो आला की शिक्का साहेबांच्या कपाटात असावा, आणि साहेब मीटिंगला. आईची सही असली तर मुलाची मागा, मुलाची असली तर वडिलांची मागा, वडील बोटीवर असले तर फारच उत्तम. शेवटी चहा मागवा, आवाज उतरवा, 'ताई, त्या पोरांच्या करिअरचं काय?' आणि या ताईच्या पोराच्या करिअरचं? ते जेवत नाही, झोपत नाही, कॉलेजचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणतं! त्याची काळजी कोणत्या रजिस्टरला लिहायची?

असो. जूनमधली रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रं विसरू नका, पोरांची आणि पालकांचीही.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांप्रमाणे खानावळवाला, वॉचमन, सफाईवाली, सगळ्यांकडून 'रॅगिंग दिसलं की कळवीन' असं लिहून घ्या. फाइल कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकवाल्यांना दाखवायला बरी. कळवणाऱ्याला प्रशस्तिपत्र द्यावं, असंही त्यात आहे. हसू नका.

हे नियम हौसेने नाही झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलातल्या टांडा वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीनंतर मेला होता. आणि तुम्ही पहाटेची एसटी पकडून आलेल्या बाईला सांगता, 'मुलगा जरा हळवाच दिसतो'? लाज कशी वाटली नाही? तुमच्या वॉचमनला पोरांना कोणत्या खोलीत नेतात ते ठाऊक होतं. खानावळवाल्याला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणून तर शिक्का कपाटात होता. अर्ज स्पीड पोस्टाने निघालाय. हातात पडला की दिवस मोजायला लागा, साहेब.