जीएसटी नंबर म्हणजे वाहतुकीचा परवाना नव्हे: सामान हलवण्याआधी फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

एप्रिल-मे आला, परीक्षा संपल्या, बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो मला चार ग्रुपवरून आला. खारघरच्या माझ्या धाकट्या मावसबहिणीला तो मागच्या वर्षी आला होता आणि तिने तो खरा धरला. मेसेज थोडक्यात असा:

"पॅकर्स-मूव्हर्सना सरकारी परवाना असा काही नसतोच, मागत बसू नका. जीएसटी नंबर आहे म्हणजे कंपनी सरकारमान्य. कोटेशनवर आयएसओ, आयबीए, एमएसएमईचे शिक्के बघा. ट्रकला नॅशनल परमिट असलं की झालं. घरगुती सामानाला बिल्टी लागत नाही. तीन टक्के इन्शुरन्स भरा आणि निर्धास्त राहा. काही झालंच तर केस त्यांच्या शहरात चालते, तेव्हा नादी लागू नका."

मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बारा वर्षं बिल्ट्या, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावत्या, फाडल्या आहेत. यातली बहुतेक वाक्यं साफ चुकीची आहेत आणि लोकांचे संसार त्यांच्या भरवशावर ट्रकमध्ये चढतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं वाक्य सर्वांत घातक. परवाना असतो. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा केंद्रीय कायदा आहे, त्याचे नियम २०११ चे आहेत आणि १ मार्च २०११ पासून तो लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही 'कॉमन कॅरियर' म्हणून धंदा करता येत नाही. कॉमन कॅरियर म्हणजे भाडं घेऊन कोणाचाही माल इथून तिथे नेणारा. हे प्रमाणपत्र परिवहन प्राधिकरण देतं, म्हणजे आपल्या बोलीत आरटीओ, आणि ते दहा वर्षं चालतं. मुख्य ऑफिसात आणि प्रत्येक शाखेत ते दर्शनी जागी लावायचं असतं. त्याआधी १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता, त्यात अशी नोंदणी नव्हती. धंद्यातली जुनी माणसं आजही "आम्हाला कसला परवाना" म्हणतात, त्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. पण तो कायदा आता रद्द झालेला आहे.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कायद्याच्या व्याख्येत फक्त ट्रकमालक येत नाही. माल गोळा करणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा, बुकिंग एजंट आणि दलाल हे सगळे तिच्यात येतात. आपल्याकडे फोनवर दर सांगणारा एक, घरी येऊन पॅकिंग करणारे दुसरे आणि गाडी तिसऱ्याचीच, असं सर्रास चालतं. वाटेत काही झालं की पहिला म्हणतो, "मी फक्त लीड दिली, तुमचा नंबर पुढे पाठवला." हे उत्तर कायद्यापुढे टिकणारं नाही. त्याने बुकिंग घेतलं असेल तर नोंदणी त्याच्याकडेही हवी.

नोंदणीशिवाय धंदा केला तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? पाच हजारांपर्यंत. पुन्हा सापडला तर दहा हजारांपर्यंत. ही रक्कम इतकी किरकोळ आहे की तिच्या धाकाने कोणी नोंदणी करत नाही, आणि म्हणून ती आहे की नाही हे आपणच विचारायला हवं. प्रमाणपत्राची प्रत मागवा. नाव, पत्ता, कुठल्या आरटीओचं आहे, मुदत कधी संपते, एवढं वाचा. कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात किंवा अहमदाबादला असेल तर प्रमाणपत्र तिथलं असू शकतं, त्यात वावगं काही नाही. शंका आली तर ज्यांनी दिलंय त्या कार्यालयात नंबर सांगून विचारता येतं.

आता जीएसटी. हा नंबर कर भरण्यासाठी असतो. किराणा दुकानदाराकडे असतो, जाहिरात एजन्सीकडे असतो. त्यावरून माल नेण्याची परवानगी सिद्ध होत नाही. तरीही तो तपासा, कारण पोर्टलवर तो फुकट आणि लॉगिनशिवाय शोधता येतो आणि पुष्कळ काही सांगून जातो. पंधरा अक्षर-आकड्यांपैकी पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे पॅन. शोधलं की कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. "पंचवीस वर्षांची परंपरा" लिहिणाऱ्याची नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची निघाली तर त्याला कारण विचारा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, त्यामुळे त्याआधीची तारीख कोणाचीच नसणार, पण जुन्या कंपनीची तारीख साधारण त्याच सुमाराची असते.

माझ्या बहिणीने नंबर आहे एवढंच पाहिलं, तो कोणाचा आहे हे पाहिलं नाही. नंतर आम्ही दोघींनी मिळून शोधला तेव्हा त्यामागे भलत्याच नावाचं, प्लास्टिकच्या मालाचं दुकान निघालं.

शिक्क्यांचं म्हणाल तर कोटेशनच्या खाली ते ओळीने छापलेले असतात आणि छापायला कोणालाही जमतात. आयएसओ ही संघटना मानकं लिहिते, ती स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही. ते खासगी संस्था देतात, आणि त्यांतल्या काही कडक असतात तर काही पैसे भरले की देतात. एमएसएमईची, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची, उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. ती छोट्या उद्योगाला उपयोगी आहे, पण तिच्यासाठी कोणी येऊन गोडाऊन तपासत नाही. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, तिचंही तसंच. राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील तर नुसती माहिती कळवली की पुरतं.

आयबीएबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण बँकेत आणि सरकारी नोकरीत असलेल्यांना हाच शब्द पटतो. इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना आहे. ट्रान्सपोर्टरच्या बिल्टीवर बँका पैसे देतात, म्हणून कुठल्या ट्रान्सपोर्टरची बिल्टी धरावी याची शिफारस ती सदस्य बँकांना करते. यादीत खरोखर असणं ही चांगली खूण आहे. पण "आयबीए अप्रूव्हड बिल मिळेल" असं सांगणाऱ्या कितीतरी जणांचं नाव त्या यादीत नसतं. यादी उघडून नाव जुळवून बघा. अशा बनावट बिलावर बदलीचा खर्च मागितला तर ऑफिसात अडकाल तुम्हीच.

नॅशनल परमिट ट्रकचं असतं, कंपनीचं नसतं. एमएच ०४ असो की एमएच ४३, गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून फिटनेस आणि इन्शुरन्स बघायला हरकत नाही. पण गाडी चोख असली तरी तुमचं सामान घेणारा नोंदणीकृत आहे, असं त्यातून ठरत नाही.

बिल्टीबद्दलचं वाक्य वाचून मला सर्वांत जास्त राग आला. बिल्टी म्हणजे एलआर, कायद्याच्या भाषेत माल मिळाल्याची पावती. ती देणं वाहतूकदाराचं कर्तव्य आहे, आणि घरगुती सामान त्यातून वगळलेलं नाही. मूळ प्रत माल पाठवणाऱ्याची, म्हणजे तुमची. तिच्यावर नग किती, वजन किती, कुठून कुठे, भाडं किती आणि पेड की टू-पे, म्हणजे ते आधीच भरलंय की माल पोचल्यावर द्यायचंय, हे असतं. त्याआधी मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायचा वेगळा फॉर्म असतो. तो आम्ही ऑफिसात कंटाळा करून कोरा सोडायचो, आणि आज मला त्याची खंत वाटते. कारण नियम १२ प्रमाणे माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराची जबाबदारी भरलेल्या भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तीस हजार भाडं असेल तर कमाल तीन लाख. किंमत लिहिलीच नसेल तर भांडायला आकडाच राहत नाही. सामान त्याहून महाग असेल तर जास्त जोखमीचा दर भरून जबाबदारी वाढवून घेता येते. आणि कायद्यात एक मोठा आधार आहे: नुकसान त्यांच्या निष्काळजीपणामुळे झालं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नसतं. पण माल त्यांच्या हाती दिला होता एवढं तरी दाखवता यायला हवं, आणि ते बिल्टी दाखवते.

बहिणीकडे बिल्टी नव्हती. इंदूरला सामान न्यायचं एकतीस हजारांत ठरलं होतं, कोटेशन फोनवर आलं होतं. गाडी दुपारी खारघरहून निघाली. रात्री तिचा मला फोन: "ताई, सामान मानकोलीला कुठल्यातरी गाळ्यात उतरवलंय. म्हणतात मध्य प्रदेशच्या हद्दीवर सेंधव्याला ई-वे बिल आणि टॅक्स लागतो, आणखी अठरा हजार टाका, नाहीतर गाडी हलणार नाही." ई-वे बिल म्हणजे जीएसटीखाली माल नेताना ऑनलाइन काढायचा कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागतच नाही, नियमात तशी स्पष्ट सूट आहे. जकात तर जीएसटी आला तेव्हाच गेली. हे मी तिला सांगेपर्यंत तिने पैसे पाठवलेही होते, एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. अंगावरच्या कपड्यांनिशी परक्या शहरात दोन मुलांना घेऊन बसलेल्या बाईने दुसरं काय करायचं? सामान सोळाव्या दिवशी पोचलं, दोन खोकी कमी आणि फ्रिजचं दार चेपलेलं.

असा प्रसंग कोणावर आलाच तर आधी ११२ ला फोन करा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. "हा तुमचा आपसातला व्यवहार" म्हणून कोणी परत पाठवायला लागलं तर हे कलम दाखवा.

तीन टक्के इन्शुरन्सचं वाक्य छोटं आहे पण खिसा तेच कापतं. विमा फक्त विमा कंपनी देऊ शकते. मूव्हरने बिलात "इन्शुरन्स" म्हणून नऊ हजार लावले आणि विमा कंपनीचं नाव व पॉलिसी नंबर असलेलं सर्टिफिकेट दिलं नाही, तर विमा उतरवलेलाच नाही असं समजा. सर्टिफिकेट गाडी भरण्याआधी हातात हवं. मालाची यादी आणि किंमत त्यावर आणि बिल्टीवर सारखीच असायला हवी.

राहिलं शेवटचं, केस त्यांच्या शहरात चालते हे. बिलाच्या तळाशी तसं छापलेलं असतं खरं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागायची मुभा दिली आहे. ठाण्यात राहणाऱ्याने ठाण्यात तक्रार करावी. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एक तारीख मात्र जपा: नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला पाठवावी लागते. सामान पोचल्याचा दिवस धरू नका, बुकिंगचा धरा.

बहिणीची नोटीस आम्ही वेळेत काढली. मजकूर मी लिहिला, तिने इंदूरहून सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवली, जीएसटी नंबरच्या दुकानाला एक आणि कोटेशनवरच्या तुर्भ्याच्या पत्त्यावर एक. दुकानदाराने कळवलं की त्याचा नंबर कोणीतरी वापरलाय, त्याला काही माहीत नाही. तुर्भ्याचं पाकीट पोस्टाचा शेरा घेऊन परत आलं: या पत्त्यावर असं कोणी नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर आरटीओकडे नोंदलेला मुख्य ऑफिसचा पत्ता असतो, आणि परवानगीशिवाय ते ऑफिस हलवता येत नाही. तो कागद आमच्याकडे असता तर तिसरं पाकीट तिथे गेलं असतं.