दोन गल्ल्या पलीकडे

आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकाच पोराचा उद्धार चाललाय. पोरगं कोल्हापूरच्या आमच्या पेठेतलं, आमच्या तालमीकडून फुटबॉल खेळून मोठं झालेलं, आणि या हंगामाच्या नोंदणीला सही केली ती पलीकडच्या तालमीसाठी. पैसे जास्त मिळाले म्हणे. झालं! गद्दार, नमकहराम, 'पेठेत पाय ठेवू दे, मग बघतो'. लिहिणारे निम्मे असे, की गुडघ्यांमुळे शाहू स्टेडियमच्या पायऱ्याही चढत नाहीत.

मी इकडे अमेरिकेत, लुईझियानातल्या बॅटन रूजमध्ये बसून वाचतो आणि हसतो. लेको, गद्दारी बघायचीय तर इकडे या.

३० नोव्हेंबर २०२५ ला लेन किफिन या कोचने ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम, सोडली. कधी? टीम बारापैकी अकरा मॅच जिंकून पहिल्यांदाच प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीला, निघालेली असताना. त्या विद्यापीठाच्या गावी, ऑक्सफर्डच्या विमानतळावर लोक त्याला शिव्या घालायला जमले. आणि उतरला कुठे, तर आमच्या एलएसयूत, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठात. सात वर्षं, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. त्याआधीचे कित्येक दिवस आमच्या प्लांटवरची चांगली जाणती माणसं, कुठलं खासगी विमान कुठे उतरलं, हेच फोनवर बघत होती.

जागा रिकामी झाली होती ती आधीचा कोच ब्रायन केलीला काढल्यामुळे. टेक्सास ए अँड एमकडून घरच्या मैदानावर मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गडी घरी. त्याचा करार दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा. मुदतीआधी काढलं म्हणून बायआउट, म्हणजे उरलेल्या कराराची भरपाई, साधारण ५ कोटी ४० लाख. खुद्द गव्हर्नरनी जाहीर सांगितलं, की पुढचा कोच आताचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, निवडणार नाहीत. दोनचार दिवसांत ते डायरेक्टरही गेले. हा केली २०२१ मध्ये आला तोही नोटर डेम विद्यापीठाची टीम अशीच अकरा विजयांवर असताना मध्येच टाकून. तेव्हा इथे कुणाला निष्ठा आठवली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की इथे सोडण्याची आणि काढण्याची किंमत आधीच कागदावर असते. कोच पळाला तर त्याच्या बाजूने पैसे भरायचे, विद्यापीठाने हाकलला तर विद्यापीठाने. आमच्या तालमीत कागद नाही, नुसतं 'पेठेचं मीठ'. आमच्याच वर्गातल्या एकाचा अकरावीत गुडघा गेला. ऑपरेशनचे पैसे त्याच्या वडिलांनी म्हैस विकून भरले. तालमीने सत्कार केला, शाल दिली आणि नारळ दिला. दोन्ही अर्थांनी. तेव्हा मिठाची आठवण ठेवायची जबाबदारी कुणाची होती, ते ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, 'तू डॉलरवाला, तुला काय कळणार पेठ.'

हे झोंबलं. खोटं कशाला बोलू.

कारण मी वर जे लिहिलं त्यातलं सोयीचं तेवढंच लिहिलं. निक सेबन हा कोच एलएसयूला विजेतेपद मिळवून देऊन मायामीच्या व्यावसायिक टीमकडे गेला. तिथे डिसेंबर २००६ मध्ये 'मी अलाबामाचा कोच होणार नाही' म्हणाला आणि दोन आठवड्यांत अलाबामा विद्यापीठात हजर झाला. २०१२ ला तो अलाबामाची टीम घेऊन एलएसयूच्या टायगर स्टेडियमवर आला तेव्हा मला इथे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. घसा बसेपर्यंत त्याच्या नावाने ओरडलो. ५१ सेकंद उरले असताना त्यांनी टचडाउन मारून मॅच नेली, तेव्हा तर कोल्हापुरीतच ओरडलो. माझं त्या माणसाने काय घेतलं होतं? काही नाही. पण आजूबाजूच्या लाखभर माणसांत त्या रात्री मला कुणी, तू मूळचा कुठला, असं विचारलं नाही.

केली मॅसॅच्युसेट्सचा. इथे आल्या आल्या बास्केटबॉलच्या मॅचला माइक हातात घेतला आणि 'फॅमिली' हा शब्द असा काही दक्षिणी हेल काढून म्हणाला, की देशभर हसू झालं. मीही जेवणाच्या सुट्टीत त्याची नक्कल करून दाखवली. माझ्या मुलीने ती ऐकून विचारलं, "बाबा, मीटिंगमध्ये तुम्ही असंच बोलता ना?"

मी अमेरिकेला निघालो तेव्हा चौकात माझा फलक लागला होता. अर्ध्या मिशा पुसट छापलेला माझा फोटो, 'पेठेचा अभिमान', खाली तालमीतल्या सगळ्यांची नावं. पैसे जास्त मिळतात म्हणूनच चाललो होतो, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. या पोराने दोन गल्ल्या ओलांडल्या, तर तो गद्दार.

हे ग्रुपवर टाकायला टाइप केलं होतं. पुसलं. तालमीची वर्गणी दर जानेवारीला पाठवतो. यंदा जरा जास्त पाठवली आणि खाली लिहिलं, पोरांच्या विम्यासाठी. अजून कुणाचं उत्तर नाही, नुसते अंगठे आलेत.