सुरक्षित समुद्र

बार्बाडोसला जाण्याचे माझे कारण एकच होते: केन्सिंग्टन ओव्हल. १९७१ साली गावसकरांनी पहिल्या डावात एकच धाव काढून दुसऱ्या डावात नाबाद ११७ केल्या आणि २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माने विश्वचषक उंचावला, ते मैदान डोळे भरून पाहावे आणि परत फिरावे, असा माझा साधा बेत होता. परंतु, "अहो, इथवर येऊन पाण्यात पाय घालायचा नसेल, तर शिवाजी पार्क काय वाईट होतं?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

राजधानी ब्रिजटाऊनलगतचा कार्लाइल बे हा उपसागर पोहण्यासाठी अत्यंत सुरक्षित, असे सर्वांनी सांगितले. बेटाच्या पूर्वेला बाथशेबाकडे अख्खा अटलांटिक येऊन आदळतो, त्यामुळे तिथे पोहण्याचे धाडस करू नये; इकडे मात्र वारे बेटाच्या पाठीमागे अडतात आणि पाणी निवांत असते. सौ. मालवणच्या असल्याने त्यांनी "आज अष्टमी, म्हणजे भरती सहाला," असा तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब लगेच मांडला. तिथल्या भरती-ओहोटीत जेमतेम हातभर फरक पडतो, हे कळल्यावर त्यांचा त्या समुद्रावरचा विश्वासच उडाला.

माझा विश्वास मात्र किनाऱ्यावरून उडाला. दादरला घासाघीस करून घेतलेली माझी हिरवी-करडी, लष्करी ठिपक्यांची अर्धी चड्डी पाहून हॉटेलच्या बाई गंभीर झाल्या. त्या देशात सामान्य नागरिकाने, अगदी लहान मुलानेसुद्धा, असे कपडे घालणे हा गुन्हा आहे. मग पोपटांची चड्डी विकत घेणे आले. दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकी डॉलर हा भाव तिथल्या सरकारने वर्षानुवर्षे स्थिर ठेवला आहे. चड्डीचा भाव मात्र समोरच्याचा चेहरा पाहून ठरतो.

वाळूवर एका डेरेदार झाडाखाली चकल्यांचा डबा उघडणार, तोच छत्र्या भाड्याने देणारा माणूस ओरडत धावत आला. खोडावरचा लाल पट्टा आम्ही शोभेचा समजलो होतो. ते मँचिनीलचे झाड होते. त्याचा पांढरा चीक अंगाला लागला तर फोड येतात, पावसात त्याखाली उभे राहणेही धोक्याचे, आणि त्याची फळे दिसतात छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी. ज्या देशात झाडाची सावलीसुद्धा चावते, तिथे समुद्रालाच सुरक्षित म्हणत असतील तर नवल नाही.

शेवटी पाण्यात उतरलो. जीवरक्षक जाकीट कानापर्यंत वर चढले, डोळ्यांवरच्या पोहण्याच्या चष्म्याच्या काचेत वाफ धरली आणि तोंडातल्या नळीमुळे मला निषेधही नोंदवता येईना. तेवढ्यात हाताच्या अंतरावर एक हिरवे कासव वर आले. त्याने मान बाहेर काढून श्वास घेतला, माझ्या पोपटांकडे सावकाश पाहिले आणि पुढचे दोन पाय वल्ह्यांसारखे हलवत ते खाली, १९१९ साली बुडालेल्या बर्विन नावाच्या बोटीच्या दिशेने निघून गेले. कासवांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. कासवांना अशी ताकीद कोणी दिली होती की नाही, या काळजीत मी हातपाय आखडून तरंगत राहिलो.

बाहेर येऊन टॉवेल शोधतो आहे, तर सौ. केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या होडीवर सर्वांत पुढे बसून मला हाका मारत होत्या. माझ्यासाठी शेपटाकडची जागा राखून ठेवली होती. "वळणावर मागचाच आधी पडतो म्हणे," त्या उत्साहाने म्हणाल्या, "पण अहो, पाणी अगदी सुरक्षित आहे!"