फुकट म्हणून हलकं समजू नका

'मुक्त-स्रोत (फुकट आणि कोड सगळ्यांना खुला असलेलं) फोटो सॉफ्टवेअर हौसेपुरतं ठीक, धंद्याला नाही' असं तुमच्या लेखात म्हटलंय. खानापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे, म्हणून लिहितो.

लग्नाच्या सीझनला एकेका कार्यक्रमाचे दोन-अडीच हजार फोटो. डिजीकॅम या फोटो लावून ठेवायच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये 'अक्षता', 'वरात', 'मामाकडचे' असे टॅग देवनागरीतच टाकतो आणि तसेच शोधतो. मागच्या पावसाळ्यात लाईट ये-जा करून हार्डडिस्क बसली, डिजीकॅमचा डेटाबेस, म्हणजे टॅगांची नोंद, गेला. पण टॅग फोटोच्या फाइलीतच लिहायचा पर्याय आधी चालू केला होता. बॅकअपच्या डिस्कवरनं फोटो परत वाचायला लावले, सगळे टॅग आले बघा. एक रात्र जागलो, तेवढंच. (तो पर्याय डिजीकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाखाली आहे, आजच तपासा.)

गिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लावलेला फिल्टर नंतर बदलता येत नाही, ही तक्रार आता जुनी. 2025 च्या 3.0 आवृत्तीपासून येतो. रॉ फोटो (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) सुधारायचं डार्कटेबल तर मूळ रॉ फाइलीला हातच लावत नाही, केलेले बदल शेजारच्या बारक्या एक्सएमपी फाइलीत ठेवतं.

खोट आहेच. मुंडावळ्या बांधल्या की डिजीकॅमला नवरा ओळखू येत नाही, दरवेळी नवा माणूस म्हणून विचारतं.

आणि मेनू चांगल्या मराठीत हवेत. डिजीकॅम ज्या केडीई प्रकल्पात येतं, त्याचं भाषांतर स्वयंसेवकच करतात, आपणही हात लावू शकतो. मी नि भाचा सध्या 'एक्सपोजर'च्या मराठी शब्दावर अडलोय. तो 'उद्भासन' म्हणतो. माझं गिऱ्हाईक 'उजेड' म्हणतं.